राणीछाप कलदार मोडीत देण्याआधी

जुनं घर पाडताना, वाटणीच्या वेळी किंवा म्हातारं माणूस गेल्यावर पेटी उघडली की विदर्भातल्या बऱ्याच घरांत चांदीचे रुपये, म्हणजे राणीछाप कलदार, निघतात. कुठे फडक्याच्या पुरचुंडीत दहा-वीस, कुठे लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडायला राखलेले पाच, कुठे हमेलीत, म्हणजे नाण्यांच्या माळेत, ओवलेले. पुढे बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. कोणी सगळे पिशवीत घालून तालुक्याच्या सराफाकडे वजनावर देऊन येतो, नाहीतर मोबाईलवर ‘या नाण्याचे १० लाख’ असा व्हिडिओ पाहून वर्षानुवर्षं धरून बसतो. दोन्हींत तोटाच आहे. घरात निघालेल्या नाण्यांपैकी बहुतेकांची किंमत चांदीइतकी किंवा तिच्या जराशी वर असते; एखाद-दुसऱ्याची मात्र चांदीच्या कितीतरी वर. ते एखाद-दुसरं कोणतं, हे दुकानाची पायरी चढण्याआधी घरीच कळलं पाहिजे. त्यासाठी लागतं भिंग, चुंबक, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू आणि एक मोकळी दुपार.

आधी एकच पथ्य: घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, काहीच नको. चांदीवरचा काळा किंवा निळसर थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. तो नाण्याला खात नाही, उलट नाणं कोणी छेडलं नाही याची तीच खूण असते. घासलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे राहतात, भिंगाखाली ते लगेच दिसतात, आणि संग्राहक तिथेच भाव पाडतो. चकाकी देणाऱ्या द्रावणात बुडवलं तर वरचा थर विरघळतो आणि नाणं मेल्यासारखं पांढरं दिसतं. हे नुकसान परत भरून येत नाही.

पूजेतल्या नाण्यांवर तेल, हळद आणि कुंकवाचा घट्ट थर असतो. तो काढायचाच असेल तर काचेच्या वाटीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात नाणं रात्रभर ठेवा. बोअरचं पाणी क्षारट असतं, वाळल्यावर पांढरे डाग पाडतं. मग दुसऱ्या काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, अर्धा तास. नेलपॉलिश काढायचं द्रावण त्याऐवजी चालत नाही, त्यात तेल आणि रंग मिसळलेले असतात. चुलीजवळ किंवा देवघरात दिवा जळत असताना हे काम करू नका, ॲसिटोन भडकन पेटतो. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढून सुती कापडावर ठेवायचं आणि वरून टिपायचं. जे एवढ्याने निघालं नाही ते राहू द्या.

ढीग पाडणे

राजा-राणी आणि साल पाहून ढीग करा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला: वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि चांदी ९१.७ टक्के. आता सराफाकडे तोळा म्हटलं की बहुतेकदा १० ग्रॅम धरतात, ते वेगळं. अधेली (अर्धा रुपया) ५.८३ ग्रॅम, पावली (चार आणे) २.९२, चवली (दोन आणे) १.४६.

१८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमचं बिनमुकुटाचं डोकं आहे. १८४० च्या नाण्यावर तरुण व्हिक्टोरिया, तीही बिनमुकुटाची, मागे कंपनीचं नाव. याचे दोन प्रकार आहेत: एकात ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं डोक्यावरून सलग वळतात, दुसऱ्यात डोक्याच्या दोन बाजूंना तुटलेली असतात. १८६२ पासून मुकुटधारी राणी, आणि कंपनीच्या जागी ‘इंडिया’. १८७७ पासून ‘क्वीन’ जाऊन ‘एम्प्रेस’ येते आणि ते १९०१ पर्यंत चालतं. १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, बिनमुकुटाचा. १९११ पासून पाचवा जॉर्ज, मुकुट आणि झगा घातलेला. १९३८ पासून सहावा जॉर्ज.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. नाण्यावर १८४० किंवा १८६२ दिसलं की माणसाला वाटतं, दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं नाणं म्हणजे दुर्मिळ. पण १८३५, १८४० आणि १८६२ ही साली गोठवलेली होती. तेच साल ठेवून टांकसाळी पुढे कित्येक वर्षं नाणी पाडत राहिल्या. १८६२ चा रुपया पुढची दहा-बारा वर्षं पाडला जात होता. म्हणून तो घरोघरी सापडतो. त्यातल्या काही रुपयांवर सालाच्या वर-खाली बारीक ठिपके असतात; संग्राहक ते मोजून प्रकार ठरवतात, म्हणून १८६२ चे रुपये एका ढिगात असले तरी प्रत्येकाचे ठिपके भिंगाखाली पाहून लिहून ठेवा. १९१७ ते १९२० चे जॉर्जचे रुपयेही असेच भरपूर. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचंड पाडले गेले.

वेगळे काढायचे ते हे. १९११ चा जॉर्जचा रुपया: राजाच्या झग्यावरच्या साखळीतल्या हत्तीची सोंड आखूड असल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणं मागे घेतलं गेलं आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. हत्ती झिजून गेला असला तरी साल वाचता आलं की पुरे. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया: हा खरोखर दुर्मिळ, आणि म्हणूनच १९३८ च्या ८ ला कोरून ९ केलेले फिरत असतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, भिंगाखाली खरवडलेली किंवा जराशी खोल दिसली की समजा. कुठल्याही सालाचं, पण क्वचितच वापरलं गेलेलं, केसांच्या बटा आणि मुकुटातले खडे स्वच्छ उठलेलं नाणंही वेगळं काढा. साध्या सालाचं ताजं नाणं बऱ्या सालाच्या गुळगुळीत नाण्यापेक्षा जास्त किमतीला जातं. सालाच्या खाली किंवा नक्षीत टांकसाळीची खूण असते: मुंबईची बी किंवा ठिपका, कलकत्त्याची सी किंवा काहीच नाही, १९४३ पासून लाहोरची एल. यादीत तीही लिहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा ढीग: १९४० ते १९४५. दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवायला रुपयात चांदी फक्त ५० टक्के ठेवली. बाकी ४० टक्के तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच, दिसायला सारखाच, झिजला की मात्र उंच भागावर पिवळसर छटा येते. या रुपयाच्या कडेला साध्या दातांऐवजी मधोमध नक्षीची खाच आहे. कडा बघूनही ढीग वेगळा होतो. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. चुंबकाला चिकटतो, चांदी त्यात नाहीच. १९१८ पासूनचे चौकोनी दोन आणे आणि १९१९ च्या सुमाराचे काही चार-आठ आणे तांबं-निकेलचे आहेत, तेही बाजूला. स्वातंत्र्यानंतरचं एक नाणं मात्र पेट्यांमधून हमखास निघतं: गांधी शताब्दीचं १० रुपयांचं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. दहा रुपये लिहिलंय म्हणून कोणी दुकानात खर्चू नये, त्यात १२ ग्रॅम शुद्ध चांदी आहे.

वऱ्हाडातली आणि नागपूरची आपली नाणी

ठशापेक्षा लहान, वेडीवाकडी गोल, जाड, दोन्ही बाजूंना फारसी अक्षरं, चेहरा नाही, साल कळत नाही, असे रुपये निघाले तर ते कंपनीच्या मापाने मोजू नका. नागपूरकर भोसल्यांचे रुपये १८५४ मध्ये राज्य खालसा होईपर्यंतच्या काळातले; वऱ्हाड निजामाकडे असताना एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, टांकसाळ होती. या नाण्यांवर ठशाचा अर्धामुर्धाच भाग उमटतो, त्यामुळे कोणत्या टांकसाळीचं हे फारसी वाचणारा जाणकारच सांगू शकतो. कडेला छोटे गोल किंवा कोनाचे ठसे असतात ते त्या काळच्या सराफांचे. ती खोट नाही, पारख झाल्याची खूण आहे. चारमिनार छापलेला हैदराबादचा हाली रुपया वेगळा: ११.१८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के. वऱ्हाडातल्या जुन्या घरांत तो कंपनीच्या रुपयांत मिसळलेला निघतो आणि वजन कमी म्हणून ‘खोटा’ ठरवला जातो. फारसी अक्षरांचं कोणतंही नाणं जाणकाराला दाखवल्याशिवाय वजनावर देऊ नये, एवढं ठरवून टाका. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचा, म्हणजे अजब बंगल्याचा, नाण्यांचा विभाग एकदा पाहून आलात तर डोळा बराच तयार होतो.

खरं की खोटं

पंखा बंद करा, तराजू सपाट फरशीवर ठेवा. झिजलेला रुपया ११.३ ते ११.६ भरतो. १०.५ भरला, किंवा १२ च्या पुढे गेला तर शंका घ्या. चुंबक चिकटला तर आत लोखंड किंवा निकेल आहे. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी दिली की चांदीचा आवाज लांबतो. ओतीव नाणं ठप्प वाजतं. पण तडा गेलेलं किंवा कडी झाळलेलं खरं नाणंही ठप्पच वाजतं, तेव्हा एकट्या आवाजावर निकाल देऊ नका.

निकाल द्यायचा तो घनतेवर. प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे नाण्याला बुडबुडे चिकटत नाहीत. पेला तराजूवर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला आणि काठाला लागू देऊ नका. तराजूवर जो आकडा येईल तेवढ्या ग्रॅम पाण्याची जागा नाण्याने घेतली. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ९१.७ टक्क्यांच्या रुपयाची घनता साधारण १०.३, म्हणजे ११.६६ च्या रुपयाला पाण्यात १.१३ दिसलं पाहिजे. १९४० नंतरच्या ५० टक्क्यांच्या रुपयाला १.२२ येतं, घनता ९.५. जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण आत तांबं-निकेल-जस्त) किंवा पितळेवर मुलामा असेल तर १.३३ च्या पुढे. ०.१ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा इथे उपयोगाचा नाही. पावली-चवली एकेक मोजली तर ०.०१ ची चूकही मोठी ठरते, म्हणून एकाच सालाच्या चार-पाच एकत्र बांधून मोजा.

धातू बरोबर आला म्हणजे नाणं खरं, असंही नाही. दिवाळीला सराफ्यात राणीच्या चेहऱ्याचे नवे चांदीचे शिक्के मिळतात. ते चांदीचे असले तरी जुने नव्हेत. त्यांची अक्षरं जाड आणि मऊ, चेहऱ्याभोवतीची जमीन सपाट चकचकीत, वजन बहुतेकदा १० ग्रॅमच्या हिशेबात. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात, कडेला सांध्याची रेघ, दात मध्येच विरलेले. दोन नाण्यांवर नेमका एकाच जागी एकाच आकाराचा ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत. राम दरबार किंवा हनुमान, आणि मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं तांब्याचं-पितळेचं जे काही लाखोंना विकायला दाखवतात, ते कंपनीने कधी काढलंच नाही. त्या पूजेच्या नकली मुद्रा आहेत. तांदूळ ओढणारं नाणं ही तर उघड फसवणूक, तिच्यापायी गावोगाव लोकांचे पैसे बुडाले आहेत.

सराफाला संग्राह्य नाणं दाखवताना कसोटीवर घासू देऊ नका, कानशीने कोपरा काढू देऊ नका, तेजाब लावू देऊ नका. टंच, म्हणजे शुद्धतेचा टक्का, काढायचं मशीन नाण्याला इजा करत नाही; पण ते फक्त वरचा पापुद्रा वाचतं. जाड मुलाम्याचं नाणं त्यात पास होऊ शकतं. घरच्या घनतेचा आकडा जवळ असला की दोन्ही जुळवून पाहता येतं.

मोडीचा हिशेब

साधी, झिजलेली, भोक पाडलेली आणि कडी झाळलेली नाणी मोडीच्या भावाने जाणार. कडी काढून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका. झाळीचा डाग राहतोच आणि मजुरी वर जाते. आख्खी हमेल जुनी आणि सुबक असेल तर तिला दागिना म्हणून गिऱ्हाईक मिळतं, नाणी सुटी करू नका.

मोडीत तोटा होतो तो बहुतेक मिसळीमुळे. समजा ४० रुपये आहेत: २३ जुने, सरासरी ११.५ ग्रॅम, आणि १७ १९४० नंतरचे, सरासरी ११.६. जुन्यांचं वजन २६४.५ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी २४२.५; नव्यांचं १९७.२, त्यात ९८.६. एकूण ३४१.१ ग्रॅम. हिशेबाला सोपं म्हणून भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर ३४,११० रुपये. आता सगळे एका ताटात टाकले आणि वरच्या दोन-चार युद्धकाळातल्या नाण्यांकडे पाहून समोरच्याने ‘पन्नास टंच’ म्हटलं, तर होतात २३,०८५. फरक ११ हजारांवर. म्हणून दोन ढीग, दोन पुड्या, दोन वजनं, आणि प्रत्येक पुडीवर वजन-नग लिहिलेलं. ९१.७ टक्क्यांच्या न झिजलेल्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, हा एक आकडा पाठ असला तरी बोलणी बदलतात.

त्या दिवशीचा चांदीचा भाव घरून बघून निघा. खामगाव चांदीचं गाव, नागपूरचं इतवारी मोठं मार्केट, अमरावतीलाही सराफा आहे. दोन ठिकाणी विचारल्याशिवाय देऊ नका. विचारायचं ते एवढंच: टंच किती धरलं, घट (आटवताना कमी होणारं वजन) किती कापली, भाव कोणता लावला. तीनही आकडे पावतीवर घ्या. आटवून मगच टंच सांगू म्हणणाऱ्याला नाणी देऊ नका. एकदा आटल्यावर तुमच्याकडे फक्त त्याचा शब्द उरतो. एका दिवसात एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, मोठी रक्कम खात्यातच घ्या.

नाणं म्हणून विकणे

वेगळी काढलेली नाणी सराफाकडे नेऊच नका, नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे किंवा प्रदर्शनात न्या. आधी फोटो: सकाळच्या उजेडात, फ्लॅश न मारता, काळ्या कापडावर, दोन्ही बाजू आणि कडा, शिवाय तराजूवरचं वजन दिसेल असा एक. प्रत्येक नाण्याला यादीत क्रमांक द्या. व्यापारी पुन्हा विकणार असल्याने त्याचा भाव बाजारभावाच्या खालीच असणार, त्यात रागवण्यासारखं काही नाही. पण तो ‘सगळं मिळून’ भाव सांगत असेल तर थांबा. चांगलं नाणं साध्यांच्या घोळक्यात गुंडाळून घेण्याची ती जुनी रीत आहे. नगानिशी भाव मागा.

खरंच दुर्मिळ काही निघालं तर लिलाव. मुंबई, बंगळूर, अहमदाबादला नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था आहेत. त्या कमिशन कापतात, पैसा यायला काही महिने लागतात, आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती, आधीच लिहून घ्यावी लागते. नाणं सोपवताना फोटोसकट पोच घ्या.

इंटरनेटवरच्या जाहिरातींपासून लांब राहा. ‘नोंदणी फी भरा, मग रिझर्व्ह बँक खरेदी करेल’ असं सांगणारा फसवतोच आहे. अशा व्यवहारांत आपण नाही आणि कोणाला फी घ्यायला नेमलेलं नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलंय. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणारच आहेत.

कायद्याचं थोडक्यात. पेटीतून आलेली नाणी वारसाहक्काची. सगळ्या वारसांची संमती साध्या कागदावर का होईना, सह्यांनिशी घेऊन ठेवा. पण शेत नांगरताना किंवा मातीची भिंत पाडताना गाडगं निघालं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या गुप्तधन कायद्यात जमिनीतलं आणि जमिनीला जोडलेल्या बांधकामातलंही धन येतं. १० रुपयांवरच्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, लपवलं तर कैदेची तरतूद आहे. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजाने ठेवल्याचं दाखवता आलं तर हक्क सांगता येतो, तेव्हा जुने कागद, फेरफार सांभाळा. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची नाणी परदेशात पाठवायला बंदी आहे. दुबईतल्या नातेवाइकाने मागितली तरी नाही.

विकायची नसलेली नाणी पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या होल्डरमध्ये ठेवा. रुपयाचा व्यास साडेतीस मिलिमीटर, ३२ ची खिडकी बसते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून हिरवा चिकट थर सुटतो. रबरबँड आणि वर्तमानपत्रही नको, दोन्हींत गंधक असतं आणि नाण्यावर नेमका त्याच जागी काळा पट्टा उठतो.